ठराव माझ्याच अक्षरातला

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव माझ्या अक्षरात आहे. सभासदांनी परदेशी नागरिकांना फ्लॅट भाड्याने देऊ नयेत. सूचक मी, एकमताने मंजूर. लिहिताना हात अडखळला नव्हता. सांगवी, पिंपळे गुरव या आमच्या भागात अमली पदार्थांच्या कारवाईत नायजेरियन माणसं पकडल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. जिन्यातून पोरीबाळी ये-जा करतात, नसती भानगड कशाला, असा साधा हिशोब होता. त्या ठरावाची लाज वाटते असं मी आजही म्हणणार नाही. पण तो रद्द करा म्हणून मागे लागलेलाही आता मीच आहे. बिल्डिंगमध्ये असं बोललं जातं की भाडेकरू गुणाचा निघाला आणि काका विरघळले. तसं झालेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

परदेशी माणसाला बिचकणारा मी नाही. पवना ओलांडली की दापोडी. तिथे सँडविक आणि ॲटलास कॉप्को या स्वीडिश कंपन्यांनी 1960 च्या सुमारास बस्तान मांडलं, चिंचवडला एसकेएफ आली. पुढे 1995 पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीज जुळायला लागल्या, 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, आणि आमच्या पट्ट्यात गोरा माणूस बघायला कुणी मान वळवेनासं झालं. मी बीडहून आलो आणि अशाच एका कंपनीत टर्नर म्हणून रिटायर झालो. स्वीडनहून आलेला एक इंजिनिअर माझ्या लेथपाशी उभा राहायचा. बोलायचा फारसा नाही. ट्रेमधली निळी पडलेली चिप चिमट्याने उचलून माझ्यासमोर धरायचा आणि दुसऱ्या हाताने स्पीडच्या नॉबकडे बोट करायचा. स्पीड उतरवला की चिप पिवळसर यायची, मग तो मान डोलावून पुढच्या मशीनकडे जायचा. भाषेवाचून आमचं उत्तम जमलं. त्यावर मी कित्येक वर्षं ऐट मारली की आपण जग बघितलंय.

आता वाटतं, बघितलं ते पाहुणे. त्यांच्या राहण्याचं, गाडीचं, ड्रायव्हरचं, परतीच्या तिकिटाचं सगळं कंपनी बघायची. त्या माणसाला माझ्याकडून चिपच्या रंगापलीकडे काहीच नको होतं. ना खोली, ना पाणी, ना ओळखीचा शब्द. ज्याला आपल्याकडून काही लागत नाही त्याच्याशी चांगलं वागायला खर्च येत नाही.

ठरावानंतर वरच्या मजल्यावरच्या सभासदाला कोरियन भाडेकरू मिळाला. तळेगावकडे कामाला जाणारा, करार कंपनीच्या नावावर, भाडं चालू दरापेक्षा बरंच जास्त. कुणी वही उघडली नाही. मी सेक्रेटरी, मीही उघडली नाही. उलट त्याच्या बायकोला लिफ्ट चालू-बंद होण्याच्या वेळा समजावून दिल्या. पिंपळे सौदागर, वाकडच्या टॉवरांत कोरियन, जपानी, जर्मन कुटुंबं राहतातच, आपल्याकडेही एक आलं, याचं थोडं कौतुकच होतं.

पुढे माझाच खालचा वन बीएचके रिकामा पडला. एजंट एका सुदानी विद्यार्थ्याला घेऊन आला. मी नेहमीच्या सवयीने ठरावाकडे बोट दाखवलं. एजंट पोरसवदा, लातूरकडचा, तोंडाने फटकळ. म्हणाला, “काका, मग वरचा कोरियन काय सातारचा आहे का?”

याला उत्तर नव्हतं. बरं, पकडलेली माणसं नायजेरियाची आणि हा सुदानचा. लागोस आणि खार्टूम यांच्यात तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर आहे. बीडमधल्या चोरीबद्दल इस्तंबूलच्या माणसाला जाब विचारावा, तसलाच प्रकार. ठराव परदेशी माणसाविरुद्ध नव्हताच. कुणाविरुद्ध होता ते आम्ही सगळे जाणून होतो, फक्त वहीत तसं लिहिलं नव्हतं. माझं मत फिरलं ते इथे, जिन्यात, चावी हातात असताना. पोरगा कसा आहे हे तोवर मला माहीतही नव्हतं.

खोली दिली. त्याच्याकडे आधार नव्हतं, त्यामुळे भाडेकरार घरबसल्या ऑनलाइन होईना. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात दोघांनी रांगेत अर्धा दिवस घालवला. परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांत घरमालकाने सरकारला कळवायचं असतं, त्यासाठी तेव्हा सी फॉर्म होता, तो माझ्या मुलाकडून भरून घेतला. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र, फोटो, सगळ्याच्या प्रती फायलीत लागल्या. फाइल बंद करताना ध्यानात आलं की शेजारच्या फ्लॅटमध्ये चाकणला शिफ्टला जाणारी सहा पोरं दाटीवाटीने राहतात, आणि त्यातल्या दोघांची आडनावंसुद्धा मला धड ठाऊक नाहीत. ती आपली, म्हणून कुणी विचारलं नाही. ज्याची भीती वाटत होती त्याची कुंडली माझ्या कपाटात, आणि ज्यांची वाटत नव्हती त्यांचा कागद नाही!

राहायला लागल्यावरही कादंबरीत घडतं तसं काही घडलं नाही. त्याने कधी आमच्याकडे पुरणपोळी खाल्ली नाही, आम्ही त्याच्याकडे जेवलो नाही. गणपतीत आरतीला बोलावलं तर हसून नमस्कार केला आणि वर निघून गेला. मला आधी वाटायचं की परदेशी माणसाने इथे राहायचं तर मिसळलं पाहिजे, चार शब्द मराठी बोललं पाहिजे. तेही आता वाटत नाही. त्याला दोनच गोष्टी नीट समजल्या पाहिजेत, आणि त्या त्याला पहिल्याच आठवड्यात समजल्या. एक घंटागाडी, ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा. दुसरं पाणी. नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवड महापालिका एक दिवसाआड पाणी सोडते, आणि हे तात्पुरतं आहे असं तेव्हा सांगितलं होतं. पाण्याच्या दिवशी खालच्या टाकीचा बॉल कॉक अडकला की रस्त्यावर लोट वाहतात. एकदा पहाटे मी उतरलो तर हा पालथा पडून टाकीत कोपरापर्यंत हात घातलेला, बॅटरी लावून मोबाइल दातात धरलेला. कॉक सोडवला, हात पुसले, वर गेला. एवढंच. माझ्या मते एवढं पुरे.

एप्रिल 2023 मध्ये सुदानात युद्ध पेटलं. भारताने ऑपरेशन कावेरी काढून तिथली आपली माणसं जहाजांनी आणि विमानांनी आणली. हा पोरगा मात्र तेव्हा इथे, आणि घरचे खार्टूममध्ये. पुढे ते इजिप्तकडे निघाले. माझ्याकडे आल्यावरही घरून येणारे पैसे मधूनच थांबायचे. त्याने स्वतःहून सांगितलं, भाडं डिपॉझिटमधून कापा, पैसे आले की डिपॉझिट भरून देईन. मी डायरीत लिहून ठेवलं. दिलं त्याने, उशिरा दिलं, पण दिलं. यात माझं औदार्य काही नाही, डिपॉझिट असतंच त्यासाठी.

पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांविषयी एक गोष्ट नेहमी सांगतात. फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती, हे डॉ. शां. ब. मुजुमदारांनी पाहिलं आणि त्यातून 1971 मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते त्या मुलीपाशी. मला आता मुजुमदारांचा भाग जास्त पटतो. ते हळहळून थांबले नाहीत, त्यांनी संस्था काढली. परक्या माणसाला आपलं प्रेम मिळेल की नाही, हे आपल्या लहरीवर. व्यवस्था असेल तर लहरीवर काही राहत नाही.

सोसायटीत अजून दोन मतं आहेत. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, असं विचारणारे माझे जुने मित्रच आहेत आणि प्रश्न वाजवी आहे. गुन्हा करणारा सापडला तर पोलिसांना फोन मीच करीन. पण त्यासाठी अख्खा खंड दाराबाहेर ठेवायची गरज नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं, त्यामुळे आमचा ठराव तसाही किती टिकला असता कुणास ठाऊक.

माझी नवी सूचना येत्या सभेपुढे आहे आणि आसपासच्या सोसायट्यांनीही ती घ्यावी. नोंदवलेला भाडेकरार, पोलीस व्हेरिफिकेशन, परदेशी असेल तर 24 तासांतली ती सरकारी नोंद. कागद पुरे असतील तर माणूस कुठलाही असो, चावी द्या. कागद नसतील तर तो बीडचा असला तरी देऊ नका, आणि हे मी बीडचाच असून सांगतोय.