डाग नसलेलं वासरू

प्रोफाइलमध्ये स्वतःला ‘मॅव्हरिक’ म्हणवणारे आमच्या वर्गात निदान तिघे आहेत. 1986 च्या ‘टॉप गन’मधल्या टॉम क्रूझचं हे टोपणनाव. कुणाचं न ऐकणारा, आपल्याच वाटेनं जाणारा. शब्द मात्र विमानातला नाही, कुरणातला आहे.

सॅम्युअल मॅव्हरिक (1803–1870) हा टेक्सासचा वकील आणि मोठा जमीनदार. एका कर्जाच्या बदल्यात त्याच्याकडे सुमारे 400 गुरं आली. पण त्याला गुरांत रस नव्हता. तिथल्या कुरणांना कुंपण नसे, म्हणून मालक आपापल्या वासरांना तापल्या लोखंडाचा डाग देत. (इंग्रजी ‘ब्रँड’ हा शब्दही मुळात जळण्याचाच. शोरूमच्या काचेवर वाचताना चटका बसत नाही, एवढंच.) मॅव्हरिकच्या वासरांना डाग नसायचा. बिनडागाचं जनावर दिसलं की लोक म्हणायचे, हे मॅव्हरिकचं. मग कुणाचंही बेवारस वासरू ‘मॅव्हरिक’ झालं आणि पुढे पक्षाला न जुमानणारा पुढारीसुद्धा. म्हणजे ज्याला आपण बंडखोर म्हणतो, ते मुळात मालकाच्या दुर्लक्षाचं लेकरू! आणि असं वासरू ज्याला आधी सापडे, तो आपला डाग देऊन मोकळा होई. हे त्या तिघांना सांगायला हवं.

मराठीत याला काय म्हणायचं? ‘मोकाट’ म्हटलं की हुबळीच्या रस्त्यात ठाण मांडलेल्या गाई आठवतात आणि मागोमाग कोंडवाडा. ‘वळू’ जवळचा आहे, पण तो देवाच्या नावानं सोडलेला. उमेश कुलकर्णींच्या 2008 च्या ‘वळू’त त्याला पकडायला अख्खं गाव कामाला लागतं. आपल्याकडे मोकळ्या जनावरालाही मालक असतोच.

मला हा शब्द चिकटला तो वेगळ्या कारणानं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, मिस्सा कोंकणीत. बाहेर विचारतात, ‘ख्रिस्ती असून मराठी इतकं चांगलं?’ चर्चच्या पायऱ्यांवर विचारतात, ‘कोंकणी येत नाही?’ प्रेमानंच विचारतात, पण हातात लोखंड असतंच. बाप्तिस्म्याला फादरनी कपाळावर अंगठ्यानं क्रुसाची खूण केली होती, ती काही भाजली नव्हती.

परवा धारवाडच्या गवळी गल्लीत दूध घेताना म्हशीवाल्या काकांना विचारलं, तुमची म्हैस ओळखता कशी, खूण काय? ते म्हणाले, ‘खूण कशाला लागते? हाक मारली की येते की ती.’ तिच्याशी ते मराठीत बोलत होते, माझ्यामागच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये.