गिरमिटांचा गंज

कोकणातला पावसाळा लोखंडाला मानवत नाही. पटाशीला, रंध्याच्या पात्याला निदान सपाट अंग असतं. दगडावर चार हात फिरवले की काम भागतं. गिरमिटाचं तसं नाही. पिळाच्या खोबणीत, टोकाच्या स्क्रूच्या आट्यांत गंज दडून बसतो. तिथं कानसही पोचत नाही.

आजोबांची गिरमिटं विलायती, ब्रेसला लावायची. शेपटीवर कोरलेला आकडा इंचाच्या सोळाव्या भागांत. आजोबा त्याला निम्मं करत आणि 8 नंबरला ‘चार सूत’ म्हणत. अपूर्णांक मी शाळेआधी पडवीतल्या फणसाच्या भुशात शिकलो. काम संपलं की पिळात करंजेल तेल जायचं, मग फडक्यात गुंडाळी. वडील नोकरीला शहरात गेले, घरात विजेचं ड्रिल आलं आणि गिरमिटं डालड्याच्या डब्यातून माळ्यावर गेली. पुढे डबाही गंजला.

आता ती माझ्याकडे आहेत. आधी रॉकेलने जुनं चिकटलेलं तेल काढायचं, नाहीतर आम्ल लोखंडापर्यंत जातच नाही. मग साधं पाच टक्क्यांचं व्हिनेगर, रात्रभर. त्याहून फार ठेवू नये. गंज संपला की आम्ल लोखंडावर येतं. सकाळी पितळी ब्रश, सोड्याचं पाणी, लगेच कोरडं करून तेल. इथे चहाला गेलात तर परत येईतो तांबूस झाक चढलेली असते. आट्यांसाठी सुतळीला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून ती आट्याआट्यांतून ओढायची. कंटाळवाणं काम आहे, पण हा स्क्रूच गिरमिटाला लाकडात ओढून नेतो; तो बुजला तर नुसता जोर लावत बसा.

काळे डाग राहतात. राहू द्यावेत. मी लहानपणी पॉलिश पेपर घेऊन बसलो की आजोबा ओरडत, “रे, भांडा न्हय तां!” टोकाशी दोन उभे दात असतात, ते भोकाचा घेर आखतात. त्यांना आतूनच कानस लावायची. बाहेरून घासलं की घेर कमी होतो, मागचं अंग भोकात अडकतं आणि लाकडाच्या कडा फाटतात.

12 नंबर कुणीतरी मागून नेलं होतं, ते असंच बाहेरून चकचकीत होऊन परत आलं. त्याचा गंजही मी काढलाय. शेपूट कापून ड्रिलला लावलं. रंग छान ढवळतं.