शोध आणि संशय

एखाद्या घरचे मूल संध्याकाळी परतले नाही, की त्या रात्री सारे गाव जागे राहते. तरुण मंडळी बॅटऱ्या घेऊन वाड्या, विहिरी आणि ओढे धुंडाळतात. बायका त्या आईच्या भोवती बसून रोझरीचे मणी ओढत राहतात. हे जागेपण म्हणजे शेजारधर्माचे उत्तम रूप होय. परंतु चार दिवस लोटतात, मूल सापडत नाही, आणि मग त्या जागेपणाला निराळे वळण लागते. “कुठे असेल?” हा प्रश्न मागे पडतो आणि “कोणी केले असेल?” हा प्रश्न ओटीओटीवर बसतो. मग कोण कुठल्या वाटेने गेला, कोणाच्या दारात रात्री दिवा होता, कोणाचे वागणे पूर्वीपासूनच विचित्र होते, ह्याची चर्चा सुरू होते. पोलिसांच्या आधी आपण पुरावा तपासतो आणि न्यायाधीशाच्या आधी निकाल देतो.

ह्या हौशी तपासाला पुण्य म्हणावे की पाप? धर्मगुरूला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्याच्या धर्मग्रामात रडणारी आईही असते आणि ज्याच्याकडे बोट दाखविले जाते तो माणूसही असतो. अमेरिकेतील एका गावाने हे दोन्ही प्रकार एकाच घटनेत पाहिले. ती घटना आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मिनेसोटा राज्यातील सेंट जोसेफ हे काही हजार वस्तीचे गाव. संत बेनेडिक्टच्या धर्मभगिनींचा मोठा मठ तेथे आहे. जवळच कॉलेजव्हिल येथे १८५६ साली स्थापन झालेला सेंट जॉन्स मठ आहे. उपासनेसंबंधीच्या ग्रंथांसाठी नावाजलेली लिटर्जिकल प्रेस ही प्रकाशनसंस्था १९२६ साली त्याच मठात सुरू झाली. त्यामुळे सेमिनरीत शिकलेल्या आमच्यासारख्यांना कॉलेजव्हिल हे नाव पुस्तकांच्या पहिल्या पानावरून परिचयाचे असते. घंटांच्या नादाने दिवस मोजणाऱ्या अशा त्या परिसरात, २२ ऑक्टोबर १९८९ रोजी, रविवारी रात्री नऊच्या सुमारास, अकरा वर्षांचा जेकब वेटरलिंग, त्याचा दहा वर्षांचा धाकटा भाऊ आणि अकरा वर्षांचा एक मित्र दुकानातून व्हिडिओ कॅसेट घेऊन सायकलींवरून घरी येत होते. रस्त्याकडेच्या अंधारातून तोंड झाकलेला एक माणूस बंदूक घेऊन पुढे आला. त्याने मुलांना खाली पालथे झोपविले आणि प्रत्येकाचे वय विचारले. मग धाकट्या भावाला व नंतर मित्राला, “मागे न पाहता रानाकडे पळा, नाहीतर गोळी घालीन,” अशी धमकी दिली. मुले पळाली. त्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा जेकब आणि तो माणूस दोघेही दिसेनासे झाले होते. सायकली मात्र तेथेच पडून राहिल्या.

पुढे जवळजवळ २७ वर्षे जेकबचा पत्ता लागला नाही. त्याचे आईवडील, पॅटी आणि जेरी वेटरलिंग, ह्यांनी दुःख कवटाळून घरात बसणे नाकारले. हरवलेल्या मुलांसाठी त्यांनी संस्था उभारली. १९९४ साली अमेरिकेत जेकबच्याच नावाने एक कायदा झाला आणि मुलांवर अत्याचार केलेल्या गुन्हेगारांची नोंदवही ठेवणे राज्यांवर बंधनकारक झाले. परंतु ह्या लेखाचा विषय त्या वर्षांत गावाने व तपास करणाऱ्यांनी पुराव्याचे काय केले हा आहे.

अपहरणाच्या जागी एका शेतघराकडे जाणारा खडीचा रस्ता होता. तेथे पावलांचे ठसे मिळाले आणि मोटारीच्या टायरच्या खुणा मिळाल्या. त्या शेतघरात संगीत शिकविणारा एक शिक्षक राही; त्या रात्री तो घरी एकटाच होता. अंगणात बॅटऱ्या घेऊन माणसे फिरताना दिसली म्हणून त्याने स्वतःच पोलिसांना फोन केला होता. पुष्कळ वर्षांनी एक गृहस्थ पुढे आला आणि म्हणाला की त्या रात्री आपण आपली मोटार त्या रस्त्यावर नेली होती. ज्या टायरच्या खुणांवर भिस्त होती त्या ह्याच मोटारीच्या, असे ठरले. झाले! तपासाची सारी दिशा फिरली. अपहरणकर्त्याची मोटार नव्हती, म्हणजे तो पायी आला. पायी आला, म्हणजे तो जवळचाच. आणि सर्वांत जवळचा तर हा शिक्षक! २०१० साली त्याचे शेत खणण्यात आले, माती ट्रकांत भरून नेण्यात आली, आणि तपास त्याच्याभोवती फिरत असल्याचे अधिकाऱ्यांनी जाहीर केले. ज्याच्यावर कधी आरोपपत्रही दाखल झाले नाही, असा तो मनुष्य आपल्याच गावात संशयित म्हणून वावरू लागला.

वाचकहो, त्या तर्काची साखळी पुन्हा एकदा पाहा. प्रत्येक कडी पुढच्या कडीत चपखल बसते. आणि तरीही ती सगळी खोटी होती, कारण खरा गुन्हेगार मोटारीनेच आला होता. एका मोटारीचा खुलासा झाला, म्हणून दुसरी मोटार नव्हतीच, असे कोणी सिद्ध केले होते? जिथे पुरावा संपला होता तिथून पुढे केवळ “म्हणजे... म्हणजे...” करीत मन चालत गेले. शहाण्या, अनुभवी अधिकाऱ्यांचे असे झाले, तर मिस्सानंतर देवळाच्या आवारात उभे राहून आपण जे तर्क लढवितो त्यांची काय किंमत असावी?

आता त्याच घटनेची दुसरी बाजू. २०१० सालीच जॉय बेकर नावाची एक लेखिका ह्या प्रकरणाकडे ओढली गेली. ती पोलीस नव्हती की वकील नव्हती, हौशीच म्हणायची. जेकबच्या अपहरणापूर्वी नऊ महिने, जानेवारी १९८९ मध्ये, जवळच्या कोल्ड स्प्रिंग गावात बारा वर्षांच्या एका मुलाला मोटारीतून पळवून नेऊन त्याच्यावर अत्याचार करण्यात आला होता आणि नंतर सोडून देण्यात आले होते. तो मुलगा आता प्रौढ झाला होता आणि आपल्यावर हात टाकणाऱ्याचा शोध घेत होता. २०१३ साली ह्या दोघांची गाठ पडली. त्याच सुमारास जुन्या वर्तमानपत्रातील एक बातमी पुढे आली: १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, पेन्सव्हिल ह्या तिसऱ्या गावात, अंधारातून झडप घालून मुलग्यांवर हल्ले करणारा कोणी एक फिरत होता. बेकरबाई आणि तो तरुण पेन्सव्हिलला गेले. तेव्हाचे मुलगे आता संसारी पुरुष झाले होते. कित्येकांनी तीस वर्षे तोंड उघडले नव्हते. हे दोघे त्यांच्याजवळ बसले आणि ते एकामागून एक बोलू लागले. जे ऐकले ते ह्या दोघांनी तपासाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविले.

पुढचे काम मात्र प्रयोगशाळेने केले. कोल्ड स्प्रिंगच्या मुलाच्या अंगातील स्वेटशर्ट पोलिसांनी जपून ठेवला होता. २०१५ साली नव्या डीएनए तंत्राने त्याची तपासणी झाली आणि पेन्सव्हिलच्याच एका माणसाचे नाव निघाले. दुर्दैव असे की अपहरणानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पोलिसांनी ह्या माणसाची चौकशी केली होती. त्याचे बूट व टायर घटनास्थळाच्या ठशांशी जुळते असल्याचे दिसले होते, परंतु तेवढ्यावर भागले नाही आणि तो सुटला होता. १ सप्टेंबर २०१६ रोजी त्याने दाखविलेल्या जागी जेकबचे अवशेष मिळाले आणि ६ सप्टेंबरला त्याने न्यायालयात सर्व सांगितले. आपण काय चूक केली, असे जेकबने त्याला विचारले होते, हेही त्याने सांगितले. खुनाचा खटला न चालविण्याच्या अटीवर, कुटुंबाच्या संमतीने, हा कबुलीजबाब मिळाला होता. अन्य गुन्ह्यासाठी त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. त्या माणसाचे नाव आम्ही मुद्दामच लिहीत नाही. लक्षात राहायचे तर ते जेकबचे राहावे.

येथे दोन हौशी तपास समोरासमोर उभे राहतात. गावातली कुजबुज आणि बेकरबाईंची धडपड, दोन्हींना उत्सुकतेनेच जन्म दिला होता. मग फरक कोणता? आमच्या मते असा: संशय गुन्हेगाराचा चेहरा शोधीत निघतो आणि वाटेत भेटेल त्याला तो चेहरा चिकटवितो; शोध दुखावलेल्या माणसाकडे जातो आणि त्याचे ऐकतो. संशयाला बोलायची घाई असते. शोधाला ऐकायची सवड असते. बेकरबाईंनी प्रथम जखमी मुलांना गाठले, आणि त्या मुलांच्या बोलण्यातून अधिकाऱ्यांना वाट दिसली.

आपल्या कॅथोलिक बायबलमधील दानियेलच्या पुस्तकात सुसान्नाची कथा आहे. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारी ती मिस्सात वाचली जाते, पण तिच्यातील तपासाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांची साक्ष झाली होती आणि लोकांनी निकालही दिला होता. तेवढ्यात तरुण दानियेलने त्या दोघांना वेगवेगळे उभे करून एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने दुसरेच. दानियेलला अधिकार नव्हता, पद नव्हते, तोही हौशीच. परंतु आरोपीला आणखी एक धोंडा मारण्याऐवजी त्याने साक्ष पारखली. लोकसमुदायाच्या खात्रीपेक्षा एका झाडाचे नाव त्याला महत्त्वाचे वाटले, म्हणून एक निष्पाप जीव वाचला.

आठव्या आज्ञेचा विचार करताना आपण बहुधा खोटे बोलण्यापाशी थांबतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ मात्र तीन दोष वेगळे करून सांगतो: पुरेशा आधाराविना शेजाऱ्याला मनातल्या मनातदेखील दोषी मानणे, त्याचे खरे दोष सबळ कारण नसता उघड करणे, आणि त्याच्यावर खोटा आळ घेणे. पहिला दोष तोंड न उघडताही घडतो, हे ध्यानी घ्यावे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो. चोरलेली वस्तू जशी परत करावी लागते, तसे हिरावलेले नावही परत करावे लागते; पापनिवेदन करून पापाची क्षमा मिळते, परंतु ते ऋण शिल्लक राहते. सेंट जोसेफच्या शेतातून नेलेली माती ट्रकाने परत आणता येईल. त्या शिक्षकाची गेलेली वर्षे कोणत्या ट्रकाने आणावी? सप्टेंबर २०१८ मध्ये तेथील तत्कालीन शेरिफ डॉन गडमन्सन ह्यांनी तपासाची कागदपत्रे जनतेपुढे खुली केली आणि तपास कोठे कोठे भरकटला हे स्वतःच्या खात्याचीही गय न करता मांडले. एका अधिकाऱ्याने केलेली ही परतफेडच म्हणावयाची.

हे सारे परक्या देशातले, असे म्हणून पुस्तक मिटण्याची सोय आपल्याला नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे ह्या अफवेवर विसंबून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. तेथे कोणाचेही मूल हरवलेले नव्हते! हरवलेल्या मुलाविनाच संशय उभा राहिला, आणि हातातल्या मोबाईलने तो घरोघर नेला. ओटीवरची कुजबुज पूर्वी वेशीपर्यंत पोहोचायला दिवस लागत. आता एक क्षण पुरतो.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे सांगणे थोडके आहे. मूल दिसेनासे झाले तर तासभरही वाट न पाहता पोलीस ठाणे गाठावे. हरवलेल्या मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदविली गेलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा. जे डोळ्यांनी पाहिले ते, कितीही क्षुल्लक वाटो, अधिकाऱ्यांना सांगावे. जे केवळ वाटले ते बाजारात नेऊ नये. आपले मूल काही सांगू पाहत असेल, तर हातातले काम ठेवून ऐकावे, कारण पेन्सव्हिलच्या मुलग्यांचे मौन कोणी वेळीच सोडविले असते, तर कदाचित जेकब त्या रात्री घरी पोहोचला असता. आणि ज्याच्यावर आपण संशय घेतला तो निर्दोष ठरला, तर त्याच्या घरी जावे, सणासुदीला त्याला बोलवावे, आणि ज्या चार माणसांपुढे त्याच्याविषयी बोललो त्याच चार माणसांपुढे ते शब्द मागे घ्यावे.

जेकब परत येईल ह्या आशेने त्याच्या आईने लोकांना घरापुढचा दिवा रात्री तेवत ठेवण्याची विनंती केली होती, आणि मिनेसोटातील असंख्य घरांनी ती मानली. अवशेष सापडल्यावरही ते दिवे पुन्हा लागले. त्या दिव्यांनी कोणाला दोषी ठरविले नाही. रस्त्याने येणाऱ्या मुलाला घर दिसावे, एवढ्याचसाठी ते लावले होते. आपल्या दारातही असा एखादा दिवा असू द्यावा.