ज्यात कोणीही शहाणे होत नाही

'हलकेफुलके काहीतरी वाचायला सुचवा' असे कोणी म्हटले की मराठी शिकवणाऱ्या माणसाची पंचाईत होते. 'हलके' हा शब्द आमच्या परिभाषेत निंदाव्यंजक आहे. जे हलके ते रंजनपर, जे रंजनपर ते दुय्यम, असे समीकरण एम. ए.च्या दोन वर्षांत कोणी उघडपणे न सांगताही अंगवळणी पडते. विनोदी वाङ्मयासाठी अभ्यासक्रमात एक राखीव कोपरा असतो. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. अशी परंपरा सांगायची, शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे विनोदाचे प्रकार उदाहरणांसह लिहून द्यायचे आणि 'खऱ्या' साहित्याकडे वळायचे. आम्ही तिघेही आपापल्या महाविद्यालयांत गेली वीस वर्षे साधारणपणे हेच करत आलो आहोत.

गेल्या वर्षी ही पंचाईत फार वेगळ्या रूपाने पुढे आली. एम. ए.ला आमच्याच बाकावर बसणाऱ्या आणि पुढे आमच्यासारखीच अध्यापनात पडलेल्या मैत्रिणीला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर दर एकवीस दिवसांनी एक याप्रमाणे केमोथेरपीच्या सहा फेऱ्या ठरल्या. अशा वेळी मित्रपरिवारात कामांची वाटणी आपोआप होते. कोणी डब्याचे पाहिले, कोणी गाडीचे, तर कोणी विम्याच्या कागदपत्रांचे. आमच्या वाट्याला काय येणार हे तिनेच ठरवून टाकले. "तुम्हां तिघांच्या हातचं खाऊन मी बरी होणार नाही. तुम्ही आपली पुस्तकं आणा. पण हलकी आणा."

हलकी म्हणजे कशी, हा प्रश्न आम्ही अर्थातच विचारला. प्राध्यापकाला व्याख्येवाचून पुढे जाता येत नाही. तिच्या उशाशी तोवर बरीच पुस्तके जमा झाली होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने काही ना काही ठेवले होते: आजारावर मात केलेल्यांची आत्मकथने, सकारात्मक विचारांची पुस्तके, ध्यानधारणेच्या पुस्तिका. त्या ढिगाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ही सगळी चांगलीच असतील. पण प्रत्येकातून मी काहीतरी शिकावं अशी यांची इच्छा आहे. मला असं काहीतरी द्या, ज्यात शेवटी कुणीही शहाणं होत नाही."

वाङ्मयीन निकष म्हणून हे वाक्य आम्हांला आजवर कोणत्याही समीक्षाग्रंथात आढळलेले नाही. मात्र निवडीला सुरुवात केल्यावर त्याची अचूकता हळूहळू लक्षात येत गेली.

आधी शरीराचे म्हणणे ऐकावे लागले. सलाइनची सुई हातात असताना चारशे पानांची कादंबरी पेलत नाही. काही औषधांनी बोटांची टोके बधिर होतात आणि पान उलटणे हेसुद्धा काम होऊन बसते. पहिल्या चार-पाच दिवसांत मळमळ आणि थकवा एवढा असतो की डोळ्यांसमोर अक्षर ठरत नाही; दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा धूळ आणि बुरशी यांपासून जपायचे असते, म्हणजे ग्रंथालयातील जुन्या, वास येणाऱ्या प्रती बाद; तिसऱ्या आठवड्यात जरा माणसात यावे, तो पुढची फेरी दारात उभी. शिवाय लक्ष टिकत नाही. दोन पानांपूर्वी आलेले पात्र कोण, हे पुन्हा मागे जाऊन पाहावे लागते. तेव्हा वाचनाचे वेळापत्रकही एकवीस दिवसांचे झाले. पहिल्या आठवड्यात फक्त ऐकायचे, दुसऱ्या आठवड्यात आठ-दहा पानांची सुटी कथा वाचायची, आणि तिसऱ्यात जे झेपेल ते.

मग वगळण्याची पाळी आली. पु. ल. देशपांड्यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख एरवी तिच्या अत्यंत आवडीचा. पण तोंडाला धातूची चव आलेली असताना आणि फोडणीच्या वासाने खोली सोडावी लागत असताना तो वाचणे म्हणजे शिक्षाच. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'ची नवी प्रत आम्ही नेली होती. तिने मुखपृष्ठावरचे नाव मोठ्याने वाचले, आमच्याकडे पाहिले आणि ती इतकी हसली की टाके ओढले गेले. पुस्तक तिने ठेवून घेतले, वाचले मात्र पुष्कळ पुढे. 'व्यक्ती आणि वल्ली'बद्दल तिचे मत अधिक विचार करण्याजोगे होते. "त्यातली माणसं हसवता हसवता शेवटी गळ्याशी येतात. पु. ल. तिथेच मोठे आहेत, हे मी मुलांना दर वर्षी सांगते. पण आत्ता मला गळ्याशी काही यायला नको." हास्याच्या तळाशी असलेले कारुण्य हे आम्ही विनोदाच्या श्रेष्ठतेचे प्रमाणपत्र मानतो. तिच्या खोलीत कारुण्याची कमतरता नव्हती, आणि म्हणून ते प्रमाणपत्र तिथे चालेना.

चालले ते चिमणराव. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निर्माण केलेला हा मध्यमवर्गीय कारकून, त्याची काऊ, मोरू-मैना-राघू ही मुले आणि गुंड्याभाऊ. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने ही जोडी घराघरांत पोहोचली. चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतो आणि ती फजिती आहे हे त्याला कळलेले नसते. नवा बेत, नवा आत्मविश्वास, नवी फटफजिती. पुढच्या कथेत मागच्या कथेचा मागमूसही नाही. गंमत अशी की त्याचे जनक पाली भाषेचे व्यासंगी अभ्यासक होते आणि जातककथाही त्यांनी मराठीत आणल्या. जातककथा म्हणजे शेवटी बोध आलाच. ज्या लेखकाचा दिवस बोधकथांच्या सहवासात जात असेल, त्याच्याच हातून मराठीतला सर्वांत बोधशून्य नायक जन्माला यावा, यात आम्हांला काही तरी सुसंगत वाटते.

'नायकाच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास स्पष्ट करा' हा प्रश्न आम्ही कितीतरी वर्षे प्रश्नपत्रिकेत घालत आलो. अनुभवातून पात्र बदलले पाहिजे, ही गंभीर कादंबरीची मूलभूत अट होय. चिमणराव ती पाळत नाही. भोकरवाडीची मंडळीही पाळत नाहीत. द. मा. मिरासदारांच्या या गावात नाना चेंगट, बाबू पैलवान आणि गणा मास्तर दर वेळी नव्या उद्योगाला लागतात, तो अंगाशी येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा गप्पा ठोकायला हजर. नवकथेचे अध्वर्यू गंगाधर गाडगीळ यांचा बंडूसुद्धा स्नेहलतेसमोर जसा आहे तसाच राहतो. एरवी मनोव्यापारांच्या सूक्ष्म उलथापालथी टिपणाऱ्या लेखकाला अशा न बदलणाऱ्या माणसाची गरज का भासली असावी, हा प्रश्न आम्हांला पूर्वी पडला नव्हता. तिच्या खोलीत तो पडला. जिचे शरीर दर तीन आठवड्यांनी ओळखीचे उरत नाही, केस जातात, नखे काळवंडतात, आवडीचा चहा नकोसा होतो, तिला सोबत हवी असते ती न बदलणाऱ्या माणसाची. गेल्या वेळी आपण त्याला जिथे सोडले, तिथेच तो तितकाच खुळा आणि तितकाच हौशी असा उभा असतो. आपल्या प्रकृतीची चौकशी तो करत नाही, आणि आपण धीराने वागावे अशी अपेक्षाही बाळगत नाही.

ऐकण्याच्या आठवड्यात पु. लं.च्या आवाजातली 'म्हैस' हाताशी आली. एस. टी.च्या वाटेत म्हैस येते, गाडी थांबते आणि मग जो तो आपले मत देत राहतो. मुकाट्याने थांबण्यावाचून गत्यंतर नाही, कोणाला काही नीट माहीत नाही आणि सल्ला देणाऱ्यांची वाण नाही, अशी ती स्थिती. कानांत ते ऐकत ती औषध चढवण्याच्या खोलीत तीन-चार तास बसे. बाहेर नातेवाइकांच्या बाकांवर आम्ही जे ऐकत होतो, ते फारसे निराळे नव्हते.

आजारपणावरचा विनोद न्यावा की नाही, याबद्दल आमच्यात मतभेद होता. जेरोम के. जेरोमच्या 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) या कादंबरीच्या आरंभी निवेदक ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचा ग्रंथ चाळतो आणि मोलकरणींना होणारी गुडघेदुखी वगळता जगातले झाडून सगळे रोग आपल्याला झाल्याची त्याची खात्री पटते. आम्ही तो उतारा बाजूला ठेवला होता. तिने तो आपणहून मागितला. निदानानंतरच्या रात्री इंटरनेटवर तिने तेच केले होते. फरक एवढाच की तिच्या यादीतला एक रोग खरा होता. ती म्हणाली, "यावर मी हसणार. तुम्ही माझ्यासमोर आधी हसायचं नाही." आजारावर हसण्याचा पहिला अधिकार आजाऱ्याचा, ही मर्यादा आम्ही त्या दिवसापासून पाळली.

हसणे हे औषध आहे, असे या लेखातून सुचवायचे नाही. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाने १९७९च्या आपल्या पुस्तकात विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे खळखळून हसल्यावर दोन तास वेदनारहित झोप लागे, असा अनुभव नोंदवला आहे. त्याचा आजार वेगळा होता आणि अनुभव त्याचा होता. त्याचा नियम करून रुग्णावर हसण्याची जबाबदारी टाकणे हे आम्हांला क्रूर वाटते. सूझन सोंटॅगने स्वतःच्या कर्करोगानंतर १९७८मध्ये 'इलनेस ॲज मेटफर' लिहून या आजाराला चिकटलेल्या युद्धाच्या भाषेवर आक्षेप घेतला. कारण 'लढा' म्हटले की न जिंकणारा आपोआप पराभूत ठरतो. 'हसा आणि बरे व्हा' हे त्याच भाषेचे गोड रूप. चिमणराव वाचून पेशींची संख्या वाढत नाही. दुपारचे दोन ते तीन एवढा वेळ तेवढा जातो, आणि ती दुपार तिची स्वतःची असते.

तेवढेही नेहमी साधले नाही. चौथ्या फेरीनंतर तिने सगळी पुस्तके एका पिशवीत भरून आमच्याकडे परत दिली. नऊ-दहा दिवस तिला कोणाचाच आवाज नको होता, चिमणरावाचाही नाही. आम्ही जात होतो, बसत होतो, निघत होतो. साहित्य जिथे पोहोचत नाही अशी जागा माणसाच्या आयुष्यात असते, हे साहित्याच्या प्राध्यापकांनी मान्य करायला हरकत नाही. पिशवी आम्ही दाराशीच ठेवली होती. पुढे केव्हा तरी तिनेच ती उघडली.

असो. सहा फेऱ्या झाल्या, किरणोपचारही झाले. आता ठरावीक महिन्यांनी तपासणी असते, आणि त्या आठवड्यात आम्हां चौघांचेही वाचन मंदावते. 'बरी झाली' हा शब्द ती अजून वापरत नाही, म्हणून आम्हीही वापरत नाही. ती वर्गावर परतली आहे. विनोदी वाङ्मयाचा घटक यंदा तिने मागून घेतला, एवढे आम्हांला ठाऊक आहे. त्यात ती काय शिकवते हे आम्ही विचारलेले नाही.

आमच्यापैकी एकाने मात्र यंदाच्या अंतर्गत परीक्षेत एक प्रश्न घातला: 'चिमणरावाच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास होत नाही, हा दोष मानावा काय?' बहुतेक विद्यार्थ्यांनी दोष मानला आणि कारणेही व्यवस्थित दिली. आम्ही त्यांना पूर्ण गुण दिले. वयाच्या विशीत तेच उत्तर बरोबर असते, आणि दुसरे उत्तर त्यांना लवकर सापडू नये अशीच आमची इच्छा आहे.