साखरेचं दार

भाताच्या पात्यांच्या कडा वाळू लागल्या, तेव्हा बाबा स्वतःलाच दोष देत राहिले: युरिया जास्त झाला. तेही खोटं नव्हतं. जादा नत्राने कडा करपा बळावतोच. पण पानात नेमकं काय होतं, ते मला पुढे एमएस्सीला असताना कळलं.

पानातली साखर पेशीच्या पडद्यातून सहज बाहेर पडत नाही. तिला प्रथिनांची दारं लागतात. ‘स्वीट’ या प्रथिनांचं हे काम २०१० मध्ये उलगडलं. पडद्याच्या आरपार गेलेले सात पीळ: तीन-तीनचे दोन जुडगे, मध्ये जोडणारा एक. दार एका वेळी एकाच बाजूला उघडतं आणि साखर जिथे जास्त, तिथून कमीकडे जाते.

करप्याचा जिवाणू हे दार फोडत नाही. तो पेशीत आपलं प्रथिन सोडतो, ते स्वीटचं जनुक चालू करतं आणि साखर बाहेर येते. २०१९ मध्ये संशोधकांनी जनुकाची तेवढी कळ बदलली. जिवाणूला ती दाबता येईना.

हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आपलाच भात त्याला जेवू घालत होता.”

मग जरा वेळाने, “पण युरिया मीच टाकला ना.”