कट्ट्याला दार नसतं

प्रत्येक हॉस्टेलला एक कॉमन रूम असते आणि एक कट्टा असतो. कॉमन रूममध्ये पंखे, खुर्च्या, टी.व्ही. सगळं असतं. कट्ट्यावर यातलं काहीच नसतं, तरी गर्दी मात्र कट्ट्यावरच! असं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला आमच्या वसईच्या घरी, एका लाकडी मांडवाला काचा लावायचं ठरलं तेव्हा.

आमच्या वाडीत, रस्त्याला लागून, आजोबांनी बांधलेला एक मांडव आहे. जुनं घर पाडलं तेव्हा त्यातले सागाचे चार खांब त्यांनी जपून ठेवले होते. त्याच खांबांना दगडी तळखडे दिले, वर मंगलोरी कौलं घातली, कडेने बाकं ठोकली. तीन मीटर बाय तीन मीटर, सगळ्या बाजूंनी उघडा. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला ‘पडवी’ आणि ‘तळखडा’ हे शब्द माहीत होण्याआधी ‘गॅझेबो’ माहीत होता, म्हणून घरात त्याला ‘हिचा गॅझेबो’ म्हणून चिडवतात. आजोबा गेल्यावर आजीची बैठक तिथेच. दादरला फुलं विकून दुपारी परतणाऱ्या मावशी तिथे टोपली उतरवून पाणी पितात. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची विहीर आटली, कुणाच्या वाडीत बिल्डरची माणसं फिरून गेली, सगळ्या बातम्या आजीला आमच्या आधी कळतात.

पण हे सगळं आठ महिनेच! जून ते सप्टेंबर आमच्याकडे दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि तोही आडवा. आजी ७८ वर्षांची. दोन पावसाळ्यांपूर्वी भिजून खोकला छातीत गेला तेव्हापासून डॉक्टरांनी मांडवात बसायला बंदी केली. चार महिने ती मागच्या खोलीत टी.व्ही.समोर. तिने तक्रार केली नाही. पण सप्टेंबरपर्यंत ती खूप कमी बोलायला लागली होती, आणि ते बाबांना बघवत नव्हतं.

म्हणून बाबांनी फॅब्रिकेटरला बोलावलं. त्याने टेप लावली आणि एका दमात सांगून टाकलं, "चारही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग, सहा एम.एम. काच, आणि गरम झालं तर एक एसी मारून टाका." बाबा खूश. आजी म्हणाली, "मला काय शोकेसमध्ये ठेवताय?"

मी सिव्हिलच्या थर्ड इयरला. सुट्टीत घरी होते, वही-पेन घेऊन बसले. म्हटलं, आधी वजन काढू. काचेची घनता दर घनमीटरला साधारण २५०० किलो, म्हणजे सहा मिलिमीटर काच दर चौरस मीटरला १५ किलो. एक बाजू ३ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच, म्हणजे ६.६ चौरस मीटर. चार बाजू मिळून सुमारे ४०० किलो, सिमेंटच्या आठ गोण्या! हे ओझं पेलण्यापुरती तरी फ्रेमखाली धड चौकट हवी.

दुसरा हिशोब वाऱ्याचा. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. उघड्या मांडवातून वारा सरळ निघून जातो. काच लावली की तोच वारा भिंतीवर आपटतो. आय.एस. ८७५ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. बाकीचे गुणक बाजूला ठेवले तरी दर चौरस मीटरला ११८ किलोचा जोर येतो, म्हणजे एका बाजूवर पाऊण टनाहून जास्त. आणि आमचे खांब तळखड्यावर नुसते टेकलेले!

तिसरी गोष्ट उन्हाची. आपण शाळेत शिकतो की काच उन्हाला आत घेते पण उष्णतेला बाहेर सोडत नाही. ते खरं आहे, पण अर्धंच. १९०९ मध्ये रॉबर्ट वुड या शास्त्रज्ञाने दोन खोके उन्हात ठेवले. एकावर काच, दुसऱ्यावर उष्णतेचे किरण आरपार जाऊ देणाऱ्या सैंधवाची पट्टी. दोन्ही खोके जवळजवळ सारखेच तापले! म्हणजे मुख्य गुन्हेगार कोंडलेली हवा. आणि स्लायडिंग खिडकी कितीही उघडा, ती निम्मीच उघडते. १८५१ मध्ये लंडनला जोसेफ पॅक्स्टनने क्रिस्टल पॅलेस उभारला, तिथेही हवेसाठी झडपा होत्या आणि छतावर सावलीला कापड होतं. लंडनमध्ये ही गत, तर वसईच्या एप्रिलचं काय?

खरं तर जुन्या लोकांना हे कळत होतं. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्याच गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्या बसवलेल्या अजून दिसतात. उजेड आत येतो, पण मऊ होऊन.

अडचण अशी होती की आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. एकाच बाजूने दोन शत्रू! शेवटी ठरलं की काच फक्त दक्षिण आणि पश्चिमेला. त्यातही खाली आणि वर काचेच्या पट्ट्यांची लूव्हर, म्हणजे गार हवा खालून आत आणि गरम हवा वरून बाहेर. ("बाथरूमची खिडकी लावणार का?" इति बाबा.) उन्हाळ्यात बांबूची चिक, पण काचेच्या बाहेरून. कारण ऊन एकदा काच ओलांडून आत आलं की पडदा लावून फारसा उपयोग नाही. खांब तळखड्यांना लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टने जखडले, वर तिरके आधार दिले. काच टफन्ड, कारण ती फुटली तर तिचे बोथट बारीक तुकडे होतात. मात्र ती टफन केल्यावर कापता येत नाही, आणि लाकूड पावसात फुगतं. म्हणून मे महिन्यात माप घेताना सुतारकाकांनी चारी बाजूंनी फट सोडायला लावली आणि तिथे रबर बसवलं. उत्तरेला जाईचा वेल होताच.

राहिली पूर्वेची, रस्त्याकडची बाजू. इथे माझी वही बंद पडली. बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: धूळ येते, डास येतात, निदान एक काचेचं दार तरी हवं. माझ्याकडे त्याला उत्तर देणारं सूत्र नव्हतं. उत्तर आजीने दिलं. "दार लावलंत की येणारा आधी विचारणार, येऊ का? आणि विचारावं लागलं की माणूस पुढे निघून जातो." बाबा बराच वेळ गप्प बसले. मग सुतारकाकांना म्हणाले, "ती बाजू राहू द्या."

कॉमन रूमचं कोडं मला तेव्हा सुटलं.

गेल्या पावसाळ्यात आजी मांडवात बसली. सगळं अगदी परफेक्ट झालंय असं नाही. वारा फिरला की पुढचं बाक भिजतं, जोराच्या सरीत लूव्हर शिट्ट्या मारतात, आणि डास आहेत ते आहेतच. त्या दिवसांत आजी शाल गुंडाळून मागच्या बाकावर सरकते. जुलैत एका रविवारी मी घरी फोन केला तर तिला बोलायला वेळ नव्हता. "थांब गं, इथे माणसं बसलीत," म्हणाली आणि फोन बाबांच्या हातात दिला.