फोनवर सांगता येणारं नाव

डोमेनची किंमत विचारायला कुणी आलं की मी नाव लिहून घेत नाही. बाहेर जाऊन मला फोन करा आणि नाव एकदाच सांगा, म्हणतो. ऐकलं तसं टाइप करतो. बरोबर साइट उघडली तर पुढचं बोलणं. 'मधे आडवी रेघ आहे' किंवा 'चार म्हणजे आकडा हं, अक्षरात नाही' असं सांगावं लागलं, की किंमत तिथेच उतरते.

मराठी नावांची गोची इथेच होते. 'माळवद' ऐकायला किती छान! पण रोमनमध्ये 'ळ'ला वेगळं अक्षर नाही. त्यात 'मा'ला एक 'ए' की दोन, 'व'ला व्ही की डब्ल्यू, हे ज्याचं त्याने ठरवायचं. चार स्पेलिंगं सहज होतात आणि तुमचं त्यातलं एकच. उरलेली तीनही घेऊन ठेवा, असं सांगणारे सल्लागार आहेत. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे त्यांना भरायचे नसतात. 'मिसळ'चं तसं नाही. 'ळ' तिच्यातही आहे, पण हॉटेलांच्या पाट्यांनी तिचं स्पेलिंग केव्हाच पक्कं करून टाकलंय. म्हणून मी शब्दकोशाआधी पाट्या बघतो.

२०१४ साली देवनागरीतलं 'डॉट भारत' आलं. स्पेलिंगचा घोळ त्याने मिटतो, हे खरं. पण आतल्या यंत्रणेसाठी ते नाव रोमन अक्षरांतच बदलावं लागतं आणि कितीतरी फॉर्म असा ईमेल पत्ता आजही नाकारतात. मला ते मनापासून आवडतं. गिऱ्हाइकाला मात्र 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन'च्या जोडीला घ्या, असंच सांगतो. 'डॉट इन' २००५ पासून सगळ्यांना खुलं झालं आणि इथल्या धंद्याला ते पुरतं. 'डॉट एआय'ची सध्या चलती आहे. ते अँग्विला या चिमुकल्या बेटाचं, हे घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

मग येतो पैशाचा विषय, आणि हटकून 'व्हॉइस डॉट कॉम'चा दाखला. २०१९ मध्ये ते ३ कोटी डॉलरला विकलं गेलं. खरंय, पण 'व्हॉइस' हे नाव फोन कंपनी, गाण्याचा क्लास, वृत्तपत्र, कुणालाही चालतं. स्वतः जुळवलेला शब्द तो जुळवणाऱ्यालाच हवा असतो. 'गूगल'चं मोल गूगलने कमावलं. त्या अक्षरांना आधी कोण विचारत होतं?

नावाचा इतिहासही काढावा लागतो. इंटरनेट अर्काइव्हवर जुनी पानं सापडतात. साध्यासुध्या दिसणाऱ्या नावावर पूर्वी जुगाराची साइट निघाली, तर मी हात लावत नाही. दुसऱ्याच्या गाजलेल्या नावाच्या आसपासचं काही असेल, तर त्याहून नाही. डोमेनलाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात स्पष्ट केलंय. अशा नावाला गिऱ्हाईक येत नाही, नोटीस येते.

एवढ्यातून पार पडलं, तर मालकाला एकच काम देतो: हे नाव विकत घेऊ शकतील अशा चालू धंद्यांची यादी करा. दहा झाले तर आकडा बोलू. बरेच जण दुसऱ्या नावापाशीच अडखळतात आणि मग विचारतात, 'तुम्हीच का घेत नाही?'